कॉर्डची नावं ज्याच्या त्याच्या बोलीत: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आजपासून कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, नावांचं काम हातात घेतलं. आमचा टाइपसेटर, म्हणजे संगीताची पानं मांडणारा प्रोग्राम, स्टाफच्या (स्वरलेखनाच्या पाच रेघांच्या) वर कॉर्डची नावं छापतो, पण एकाच पद्धतीनं: मूळ स्वराचं इंग्रजी अक्षर आणि त्यामागे ठरलेली शेपटी. मायनरला स्मॉल एम, मेजर सेव्हनला ‘मेज७’, डिमिनिश्डला ‘डिम’. ही सगळी जंत्री एका टेबलात हाताने भरलेली आहे. डावीकडे वापरणाऱ्यानं टाइप केलेली स्ट्रिंग, उजवीकडे छापायची स्ट्रिंग, एकूण ६४ ओळी.

तीन मागण्या बरेच दिवस पडून आहेत. जर्मन पद्धतीनं वाजवणाऱ्या एका पियानोवादक बाईंना ‘बी’च्या जागी ‘एच’ हवा आहे. जॅझची अरेंजमेंट करणाऱ्या एकाला मेजर सेव्हनसाठी त्रिकोण हवा आहे. एका शिक्षिकेला ‘दो, रे, मी’ हवंय, आणि फ्रेंचमध्ये ‘रे’वर आघातचिन्हही हवंय. तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट मागितली आहे: आम्ही कागदावर लिहितो तसं छापून द्या.

सहकाऱ्याचं मत पडलं की टेबलाला आणखी चार रकाने जोडू आणि मोकळे होऊ. मला ते पटत नाही. जर्मन अक्षरं आणि त्रिकोण दोन्ही हवे असलेला कोणीतरी उद्या येणारच, मग त्याच्यासाठी पाचवा रकाना, आणि स्मॉल अक्षरात मायनर लिहिणाऱ्यासाठी सहावा. आवडीनिवडी एकमेकींशी गुणल्या जातात, टेबल तेवढं वाढू शकत नाही.

७ जानेवारी

इतरांनी हा प्रश्न कसा सोडवलाय ते पाहण्यात दोन दिवस गेले. त्यात सगळ्यात जास्त शिकवलं लिलीपॉन्डनं. १९९६ पासून चालू असलेला हा मुक्त टाइपसेटर. त्यात कॉर्डचं नाव टाइप केलं की आधी त्याचे स्वर तयार होतात, आणि छापायच्या वेळी त्या स्वरांवरून नाव पुन्हा नव्यानं काढलं जातं. नाव काढायची मूळ पद्धत क्लाउस इग्नात्झेक या जर्मन जॅझ पियानोवादकाची. कोडमधल्या फाइललाही त्याचंच नाव आहे. आवडीप्रमाणे बदल करायला बरीच दारं ठेवली आहेत: मेजर सेव्हनचं चिन्ह, मायनरची खूण, मूळ स्वराचं नाव देणारं फंक्शन, दोन घटकांमधला विभाजक. शिवाय अपवादांची यादी आहे. ‘हे स्वर आले तर नाव असं छाप’ असं सांगता येतं. जर्मन, अर्धजर्मन, इटालियन आणि फ्रेंच नावांसाठी तयार आज्ञा आहेत.

हे वाचताना आनंद झाला. स्वरांतून नाव काढणं म्हणजे संगीताकडे संगीत म्हणून पाहणं, स्ट्रिंग म्हणून नव्हे. तरीही एक खटकत राहिलं, म्हणून रात्री पियानोवर बसले.

सी, ई, जी, ए हे चार स्वर. कोणी यांना ‘सी६’ म्हणेल, कोणी ‘ए मायनर ७, खाली सी’. आवाज तोच आहे, पण पुढची कॉर्ड कुठली आणि या कॉर्डचं तिथे काम काय यावर नाव ठरतं. डिमिनिश्ड सेव्हनमध्ये तर चारही स्वर एकमेकांपासून तीन-तीन अर्धस्वरांवर, त्यामुळे चौघांपैकी कोणीही मूळ स्वर असू शकतो. बारा मूळ स्वरांचे मिळून आवाज फक्त तीन. ऑगमेंटेड ट्रायडचंही (ट्रायड म्हणजे तीन स्वरांची कॉर्ड) तसंच, तिथे चार. शिवाय, सी१३ मध्ये नियमाप्रमाणे अकरावा स्वर यायला हवा, पण तो मेजर तिसऱ्या स्वराला घासतो म्हणून वाजवणारे गाळतात. लिलीपॉन्डही ‘१३’ लिहिल्यावर तो आपणहून काढतो. मग स्वरांवरून उलट नाव काढणाऱ्याला ‘इथे अकरावा नाही, तरी हा तेरावाच’ हे माहीत असावं लागतं.

वाजवणाऱ्यानं ‘सी६’ लिहिलं तेव्हा त्याला काय म्हणायचं होतं हे त्याला ठाऊक होतं. ते आपण फेकून द्यायचं आणि मग स्वरांवरून अंदाज बांधायचा, हे मला नको आहे.

८ जानेवारी

ठरलं. कॉर्ड साठवायची ती अर्थ म्हणून. मूळ स्वर (सातांपैकी कितवी पायरी, आणि तिच्यावर किती शार्प किंवा फ्लॅट, म्हणजे किती अर्धस्वर वर किंवा खाली), ट्रायडचा प्रकार, सातव्याचा प्रकार, वरचा टप्पा ९, ११ की १३, बदललेले स्वर, जोडलेले स्वर, गाळलेले स्वर, सस (तिसऱ्या स्वराऐवजी दुसरा किंवा चौथा) असेल तर कुठला, आणि खालचा बेस. स्वर या रचनेतून निघतील, वाजवून दाखवण्यासाठी. नावही याच रचनेतून निघेल, छापण्यासाठी. स्वरांतून नाव मात्र कधीच काढायचं नाही. कोणी संगणकाला जोडलेल्या मिडी कीबोर्डवर कॉर्ड दाबली तर अंदाज दाखवू, पण तो ‘सुचवलेलं नाव’ म्हणून, आणि वापरणाऱ्यानं हो म्हटल्यावरच साठवू.

नाव कसं दिसेल हे सांगणाऱ्या फाइलीला मी ‘बोली’ म्हणते आहे. सहकाऱ्याला आधी ‘थीम’ शब्द हवा होता. पण थीम बदलली की फक्त रंगरूप बदलतं. इथे अक्षरांचे अर्थच बदलतात.

१३ जानेवारी

जर्मन बोली. एक अक्षर बदलायचं आहे असं समजून अर्धा दिवस राखून ठेवला होता. चार दिवस लागले.

मुळातली गोष्ट अशी. मध्ययुगीन लेखनात ‘बी’ दोन तऱ्हेनं लिहायचे, गोल पोटाचा कोमल आणि चौकोनी पोटाचा शुद्ध. गोल ‘बी’तून आजचं फ्लॅटचं चिन्ह ♭ आलं, चौकोनीतून नॅचरल ♮ आणि शार्प ♯. जर्मन प्रदेशात चौकोनी ‘बी’ दिसायला ‘एच’सारखा, म्हणून तो ‘एच’च झाला, आणि नुसतं ‘बी’ म्हणजे बी फ्लॅट. काही ठिकाणी मधला मार्ग निघाला: शुद्धला ‘एच’ आणि कोमलला ‘बी♭’, म्हणजे नुसतं ‘बी’ कुठेच नाही. म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्राममध्येही जर्मन आणि पूर्ण जर्मन असे दोन पर्याय याच कारणानं आहेत.

यातली भीती अशी की चूक झाली तरी काही तुटत नाही. जर्मन बोलीत लिहिलेला ‘बी’ इंग्रजी बोलीत वाचला तर प्रोग्राम तक्रार करणार नाही, एरर येणार नाही, फक्त सगळे अर्ध्या स्वरानं चुकीचं वाजवतील. म्हणून नियम केला आणि कोडच्या डोक्यावर टिप्पणी म्हणून लिहिला: साठवलेल्या फाइलीत स्वराचं अक्षर कधीच जाणार नाही. तिथे पायरीचा आकडा आणि शार्प-फ्लॅटचा आकडा. अक्षर फक्त दोन ठिकाणी जन्म घेतं, कीबोर्डवरून आत येताना आणि पानावर बाहेर पडताना.

दुसरा धडा: शार्प-फ्लॅट ही नेहमी शेपटीच असते असं नाही. जर्मनमध्ये शार्पला ‘इस’ लागतं, फ्लॅटला ‘एस’. सीचा ‘सिस’, एफचा ‘फिस’, डीचा ‘डेस’. पण ई फ्लॅट नुसता ‘एस’ होतो, ए फ्लॅट नुसता ‘आस’, आणि बी फ्लॅट तर ‘बी’. म्हणून बोलीत आता ‘अक्षर अधिक चिन्ह’ असं सूत्र नाही. ७ पायऱ्या आणि प्रत्येकीवर डबल फ्लॅटपासून डबल शार्पपर्यंत ५ अवस्था, अशी ३५ घरांची सारणी आहे. सूत्रानं सगळी घरं आपोआप भरतात, वेगळी असतील ती हाताने लिहायची.

१५ जानेवारी

पियानोवादक बाईंनी पहिली चाचणी केली आणि पहिल्याच पानावर अडकल्या. त्यांनी टाइप केलं: ई, एस, यू, एस, ४. म्हणजे ई सस फोर. टाइप केलेलं वाचणाऱ्या आमच्या पार्सरनं पहिली दोन अक्षरं मिळून ‘एस’ म्हणजे ई फ्लॅट ओळखला आणि उरलेल्या ‘यू-एस-४’चं काय करायचं ते त्याला कळेना. ए सस फोरचंही असंच, तिथे तो ए फ्लॅट समजत होता. मूळ स्वर शक्य तितका लांब पकडायचा हा आमचा नियम इंग्रजीत निर्धोक होता.

आता पार्सर लांबात लांब मूळ स्वर धरून पाहतो, उरलेला भाग पूर्ण समजला नाही तर मागे येतो आणि आखूड मूळ स्वर धरतो. दो-रे-मीच्या बोलीतही याचा उपयोग झाला. तिथे ‘दो’ला मायनरचा एम लागला की ते ‘डॉमिनंट’च्या संक्षेपासारखं दिसतं.

हा बग मला स्वतःहून कधीच सापडला नसता. मी एच लिहीत वाढलेली नाही.

१६ जानेवारी

लहान नोंद. इटालियन आणि फ्रेंच बोली झाल्या. तिथला ‘दो’ एका जागी पक्का बसलेला असतो, आपल्या ‘सा’सारखा गाणाऱ्याबरोबर सरकत नाही. त्यामुळे ट्रान्सपोज केल्यावर, म्हणजे पट्टी बदलल्यावर, ‘दो’ चा ‘रे’ होणं बरोबरच आहे. एका चाचणीकर्त्यानं याला बग म्हटलं होतं, त्याला हे लिहून पाठवलं.

ट्रान्सपोजमधली एक खरी चूकही सापडली. जुना कोड अर्धस्वर मोजत होता, त्यामुळे ए शार्प एक पूर्ण स्वर वर नेला की सी मिळायचा. मिळायला हवा बी शार्प. आता पायरी आणि चिन्ह दोन्ही वेगवेगळी सरकतात.

२२ जानेवारी

हा आठवडा मेजर सेव्हननं खाल्ला, आणि तेवढा वेळ त्याला द्यायलाच हवा होता.

एकाच कॉर्डची किती रूपं: ‘मेज७’, कॅपिटल ‘एमए७’, नुसता कॅपिटल एम आणि ७, त्रिकोण, त्रिकोणापुढे ७, आणि जर्मन जॅझमध्ये ‘जे७’. नुसता त्रिकोण काही जण मेजर सेव्हन म्हणून वाचतात, काही जण साधा मेजर ट्रायड म्हणून. कॅपिटल एम आणि स्मॉल एम यांत छापील पानावर फरक दिसतो, घाईत हाताने लिहिलेल्या पानावर दिसत नाही. कार्ल ब्रँट आणि क्लिंटन रोमर यांनी १९७६ मध्ये व्यावसायिक वादकांसाठी कॉर्डची चिन्हं एकसारखी करायचा प्रस्ताव मांडला, त्यात मेजरला ‘एमए’ आणि मायनरला ‘एमआय’ अशी दोन-दोन अक्षरं घेतली होती. मंद उजेडात, पहिल्या वाचनात वाजवणाऱ्याचा विचार त्यामागे दिसतो.

मायनरसाठी उणे चिन्ह लिहिणारेही खूप आहेत. तेच उणे काही जण फ्लॅटसाठी वापरतात, पाचवा कोमल म्हणजे ‘−५’. अधिक चिन्हाचं तर फारच अवघड: ‘७+’ कुठे ऑगमेंटेड सेव्हन, कुठे मेजर सेव्हन.

यातली कुठली पद्धत चूक असं मला वाटत नाही. प्रत्येकीमागे वाजवणाऱ्यांच्या पिढ्या आहेत. पण एका पानावर, एका बोलीत, एका चिन्हाचे दोन अर्थ व्हायला नकोत. सेटिंगची मुभा दिली की ही जबाबदारीही आपल्यावर येते.

२४ जानेवारी

म्हणून बोली तपासणारी चाचणी लिहिली. ३५ मूळ स्वर, जुन्या टेबलातल्या ६४ रचना, मिळून २,२४० कॉर्ड. बोली लोड झाली की प्रत्येकीचं नाव तयार करायचं. दोन वेगळ्या कॉर्डना एकच नाव मिळालं तर वापरणाऱ्याला त्या दोन्ही कॉर्ड शेजारी-शेजारी दाखवायच्या. संगणकाला हे क्षणाचं काम.

मायनरला उणे आणि फ्लॅटलाही उणे अशी बोली देऊन पाहिली. लगेच सापडलं: ‘सी−९’ हे सी मायनर नाइनही होतं आणि सीवर कोमल नववाही.

मग आमची स्वतःची मूळ इंग्रजी बोली चालवली, आणि तीही नापास झाली. ‘ए♭९’. हा ए फ्लॅटचा नाइन कॉर्ड, की ए मेजरवर कोमल नववा? टेबलात दोन्ही वेगवेगळ्या ओळींत होते, छापताना दोन्ही हुबेहूब एक. सी शार्प नाइनचंही तेच. म्हणजे गेली कित्येक वर्षं आम्ही हे संदिग्ध छापत आलो. मूळ स्वर बदलून पाहिल्याशिवाय ही टक्कर दिसतच नाही, त्यामुळे ३५ आणि ६४ चा गुणाकार करायचा निर्णय सार्थकी लागला.

उपाय: अक्षराला चिकटलेलं चिन्ह नेहमी मूळ स्वराचं. ज्या कॉर्डमध्ये बदललेला स्वर थेट मूळ स्वराच्या शेजारी येतो, मध्ये ७ वगैरे आकडा नाही, तिथे कंस आपोआप लागतील: ‘ए(♭९)’. कंस नको असलेल्याला ते बंद करता येतील, पण इशारा वाचून झाल्यावर.

२९ जानेवारी

आता पानावरचं दिसणं. मूळ स्वर पूर्ण आकारात, बाकीचं थोडं वर आणि लहान. किती वर, किती लहान, हे दोन आकडे बोलीत दिले. दोन-तीन बदललेले स्वर असतील तर ते एका ओळीत लिहायचे की एकावर एक रचायचे, हेही. रचलं की कंस उंच लागतात. साधे कंस ताणले तर रेघ जाड होते आणि ओंगळ दिसते. स्मुफल या संगीत फॉन्टच्या मानकात कॉर्डच्या चिन्हांसाठी वेगळा गट आहे आणि त्यात उंच कंसही आहेत, ब्राव्हुरा फॉन्टमध्ये ते काढलेले आहेत. तेच घेतले.

शार्प-फ्लॅट कुठल्या फॉन्टमधून घ्यायचे हा प्रश्न मी हलका समजत होते. मजकुराच्या फॉन्टमधला फ्लॅट अक्षराच्या रांगेत बसतो पण अनेकदा किरकोळ आणि फिका असतो. स्टाफवरचा फ्लॅट देखणा, पण कॉर्डच्या नावात तो खाली लोंबतो. स्मुफलमध्ये कॉर्डच्या नावांसाठी म्हणून वेगळे शार्प-फ्लॅट आहेत, आकार आणि बेसलाइन त्यासाठीच बेतलेली. ते लावल्यावर पान एकदम शांत दिसू लागलं. तासभर नुसतं पाहत बसले.

हाफ डिमिनिश्डचं चिन्ह म्हणजे तिरकी रेघ मारलेलं लहान वर्तुळ. चाचणीच्या फाइलींत ते तीन वेगवेगळ्या रूपांत सापडलं: डॅनिश वर्णमालेतलं अक्षर, व्यासाचं चिन्ह आणि गणितातलं रिक्त संचाचं चिन्ह. दिसायला जवळपास सारखी, संगणकाला तीन परकी चिन्हं. आत येताना तिन्ही स्वीकारतो, बाहेर पडताना फक्त स्मुफलचं.

३ फेब्रुवारी

म्यूझिकएक्सएमएल. दुसऱ्या प्रोग्रामशी देवाणघेवाण इथूनच होते, म्हणून घाई केली नाही. या स्वरूपात कॉर्डचा प्रकार ठरलेल्या शब्दांच्या यादीतून निवडायचा असतो आणि त्यावर बदललेले, जोडलेले, गाळलेले स्वर वेगळे नोंदवायचे असतात. आमची रचना त्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरली. शिवाय प्रकाराला आणि मूळ स्वराला ‘छापताना असं लिहा’ असा मजकूर जोडता येतो. म्हणजे पायरी बीच राहते आणि दिसण्यासाठी ‘एच’ सोबत जातो. अर्थ एका जागी, रूप दुसऱ्या जागी. हे स्वरूप ज्यांनी आखलं त्यांनी हा फरक आधीच ओळखला होता.

आयात करताना अर्थावर विश्वास ठेवायचा, सोबतचा मजकूर फक्त बोली ओळखायला वापरायचा. दोन्हींत विसंगती दिसली तर त्या कॉर्डला खूण करून वापरणाऱ्याला विचारायचं.

५ फेब्रुवारी

सहकाऱ्याशी मतभेद झाला आणि तो त्याच्या बाजूनं सुटला. एखाद्या एकाच कॉर्डचं नाव हाताने, बोलीबाहेर लिहिता यावं असं त्याचं म्हणणं. मला वाटत होतं यानं सगळी शिस्त मोडेल. त्यानं एक जुनं हस्तलिखित दाखवलं, त्यात एकाच ठिकाणी संगीतकारानं मुद्दाम ‘ए मायनर ७, खाली सी’ न लिहिता चार स्वरांची नावं कॉर्डच्या जागी लिहिली होती. ते तसंच छापायला हवं, यात वाद नाही. आता ‘लिहिलं तसंच’ अशी सोय आहे. रचना मात्र तिथेही मागेच साठते, नाहीतर ट्रान्सपोज करताना ती एक कॉर्ड जागची हलणार नाही. ट्रान्सपोज झाल्यावर हाताने लिहिलेलं नाव लाल दिसतं, माणसानं बघावं म्हणून.

११ फेब्रुवारी

पाच तयार बोली मुख्य शाखेत गेल्या: इंग्रजी, अर्धजर्मन, पूर्ण जर्मन, इटालियन, फ्रेंच. त्रिकोण, उणे, कंस, स्मॉल अक्षरातला मायनर या सगळ्या वेगळ्या किल्ल्या आहेत, कुठल्याही बोलीवर लावता येतात. जुन्या फाइली उघडल्या की इंग्रजी बोलीच लागते, म्हणजे कोणाचंही जुनं पान न विचारता बदलत नाही, फक्त ‘ए(♭९)’सारख्या ठिकाणी कंस दिसतात आणि त्याची सूचना येते. कॉर्ड नसल्याची खूण ‘एन.सी.’ सुद्धा बोलीतूनच येते.

पियानोवादक बाईंनी संध्याकाळी त्यांचं पूर्ण पान पाठवलं. मायनर सगळे स्मॉल अक्षरात, ‘एच’ जागच्या जागी, ई सस फोर बिनचूक. खाली एक प्रश्न: त्यांच्याकडच्या प्रतींमध्ये तिरक्या रेघेनंतरचा बेस नेहमी स्मॉल अक्षरात असतो, मेजर कॉर्डखालीही. आमच्याकडे बेसला मूळ स्वराचाच नियम लागतो, म्हणून तो कॅपिटल आला. बेस हा एकटा स्वर, तो मेजर नसतो आणि मायनरही नसतो, त्यामुळे तिथे अक्षराच्या आकाराला अर्थ नाही आणि किल्ली वेगळी करायला काही अडचण दिसत नाही. मूळ स्वराचं नाव देणारं फंक्शन बेससाठी वेगळं काढलं आहे, चाचणी उद्या सकाळी.